घड्याळातला तेलाचा थेंब

आजोबांचं घड्याळ बंद पडलं आणि या लेखाची सुरुवात झाली.

घड्याळ म्हणजे एचएमटी 'जनता'. पांढरी तबकडी, चावीचं, सतरा ज्वेल्सचं. आजोबा रोज सकाळी चहाच्या आधी त्याला चावी द्यायचे. ते गेल्यानंतर घड्याळ कपाटात पडून होतं. मी थर्ड इयरला आल्यावर ते हट्टाने मागून घेतलं, पण ते दिवसाला दहा मिनिटं मागे पडायचं आणि कधी मध्येच झोपी जायचं. शेवटी बसस्टँडसमोरच्या घड्याळवाल्या काकांकडे नेलं. त्यांनी डोळ्याला भिंग लावलं, मागचं झाकण उघडलं आणि अर्ध्या मिनिटात निदान केलं, "काही मोडलेलं नाही. तेल सुकलंय."

"एवढ्याशा घड्याळात तेल कशाला?" मी विचारलं. मेकॅनिकलच्या पोराने हा प्रश्न विचारायला नको होता, पण विचारला खरा.

काका म्हणाले, "हे बघ, घड्याळ तेलावर चालतं आणि तेलामुळेच बंद पडतं."

हे वाक्य माझ्या डोक्यात अडकून बसलं. मग लायब्ररी झाली, नेट झालं, आणि शोधता शोधता मी एका अशा माणसापाशी येऊन पोचलो, ज्याने आयुष्यातली कित्येक वर्षं या एका थेंबाशी भांडण्यात घालवली. त्या माणसाचं नाव जॉर्ज डॅनियल्स. पण त्यांच्याकडे जाण्याआधी जरा घड्याळाचं झाकण उघडू या.

आत नेमकं काय चालतं?

चावी दिली की आतली एक लांब पट्टी गुंडाळली जाते. ही मेनस्प्रिंग, म्हणजे घड्याळाची टाकी. तिच्यातली ऊर्जा गिअर ट्रेनमधून पुढे जाते. आता गंमत बघा, मध्ये काहीच अडवणूक नसेल तर स्प्रिंग काही सेकंदांत 'सर्रर्र' करून मोकळी होईल आणि काटे गरागरा फिरून थांबतील. म्हणजे ऊर्जा साठवणं सोपं आहे. ती मोजून-मापून, थेंबाथेंबाने सोडणं हे खरं काम.

हे काम करते 'एस्केपमेंट'. गिअर ट्रेनच्या टोकाला एक दातेरी चाक असतं, एस्केप व्हील. त्याच्यासमोर नांगरासारखा एक छोटा लिव्हर असतो आणि लिव्हरच्या दोन टोकांना लाल माणकाचे दोन इवलेसे खडे. हे खडे चाकाचा एक दात अडवतात, सोडतात, पुन्हा पुढचा अडवतात. आपण जी टिकटिक ऐकतो तो या अडवण्याचाच आवाज. लिव्हरच्या पलीकडे बॅलन्स व्हील मागे-पुढे झुलत असतं आणि त्याला केसासारखी बारीक हेअरस्प्रिंग जोडलेली असते. फर्स्ट इयरला टॉर्शनल पेंड्युलमचा प्रयोग जर्नलमध्ये लिहिलाय ना? तोच हा, फक्त मनगटावर मावेल एवढा.

एस्केपमेंटला एकाच वेळी दोन नोकऱ्या कराव्या लागतात. एक, बॅलन्सच्या प्रत्येक झुल्याला एक दात मोजून सोडायचा. दोन, दात सोडता सोडता बॅलन्सला छोटासा धक्का द्यायचा, नाहीतर घर्षणाने झुला हळूहळू थांबेल. आजोबांच्या घड्याळात असे ताशी १८,००० ठोके पडतात, म्हणजे सेकंदाला पाच. दिवसाचे झाले ४ लाख ३२ हजार आणि वर्षाचे सुमारे पावणेसोळा कोटी! आपल्या लॅबमधलं कुठलं मशीन न थांबता एवढ्या सायकल पूर्ण करतं?

अचूकतेचा हिशोबही करून पाहा. दिवसाचे ८६,४०० सेकंद. घड्याळ दिवसाला दहा सेकंद चुकलं तरी आपण नाक मुरडतो. पण ती चूक ०.०१२ टक्क्यांहूनही कमी झाली. आपण प्रॅक्टिकलला पाच टक्के एररवर 'रिझल्ट व्हेरिफाइड' लिहून मोकळे होतो!

मग तेल कुठे आलं?

ही लिव्हर एस्केपमेंट इंग्लंडच्या थॉमस मज या कारागिराने १७५५च्या सुमारास शोधली. तिच्या सुधारलेल्या रूपावर आजही बहुतेक सगळी मेकॅनिकल घड्याळं चालतात. मजबूत आहे, धक्का बसला तरी गडबडत नाही, कारखान्यात हजारोंनी बनवता येते. पण तिच्यात एक जन्मजात खोट आहे. धक्का देताना चाकाचा दात खड्याच्या उतरत्या बाजूवरून घसरत जातो.

झोपाळ्याचं उदाहरण घ्या. झोपाळ्याला गती द्यायची तर मागून तळव्याने सरळ ढकलता येतं. किंवा फळीखाली एक पाचर घासत सरकवून तो पुढे रेटता येतो. दुसरा प्रकार ऐकूनच अंगावर काटा येतो, पण लिव्हर एस्केपमेंट नेमकं तेच करते. घासत रेटायचं म्हणजे वंगण आलं, म्हणून खड्यांवर तेलाचा सूक्ष्म थेंब ठेवावा लागतो. तेल नवं असतं तेव्हा सगळं छान. पुढे ते घट्ट होतं, पसरतं, त्यात धूळ मिसळते. मग बॅलन्सला मिळणारा धक्का कमी होतो, झुल्याचा कोन कमी होतो आणि वेळ बिघडते. पुस्तकात आपण लिहितो की आंदोलनाचा काल कोनावर अवलंबून नसतो. प्रत्यक्षात थोडा असतो, आणि हा 'थोडा'च घड्याळवाल्यांच्या जिवावर उठलेला असतो.

यावर उपाय नव्हताच असं नाही. जहाजावरच्या क्रोनोमीटरमध्ये 'डिटेंट' एस्केपमेंट असायची. तिच्यात चाक बॅलन्सला थेट ढकलतं, घासाघीस जवळजवळ नाही, त्यामुळे तिथे तेल लागत नाही. पण ती फार नाजूक. पेटीत आडवी ठेवली तर ठीक, मनगटावर बांधून कोणी टाळ्या वाजवल्या तर दोन दात एकदम सुटायचे. पॅरिसमध्ये काम करणाऱ्या ब्रेगे या महान घड्याळजीने दोन एस्केप चाकं वापरून बिनतेलाचा मार्ग काढायचा प्रयत्न केला, पण तोही सर्वत्र चालेल एवढा भरवशाचा ठरला नाही. १८२३ साली ब्रेगे वारला. पुढची जवळपास दीडशे वर्षं जगाने तेलाशी तडजोड करून काढली.

चौतीसपैकी बत्तीस

जॉर्ज डॅनियल्स यांचा जन्म १९२६चा. बालपण लंडनमध्ये, अतिशय गरिबीत गेलं. शाळा लवकर सुटली, गादीच्या कारखान्यात काम केलं, मग सैन्यात गेले. १९४७ साली बाहेर पडल्यावर घड्याळं दुरुस्त करू लागले आणि संध्याकाळच्या वर्गांना जाऊन ही विद्या शिकले. ब्रेगेची जुनी घड्याळं दुरुस्त करता करता ते त्या विषयातले जाणकार झाले. मग त्यांनी ठरवलं की आता दुरुस्ती पुरे, स्वतःचं घड्याळ बनवायचं. पूर्ण, स्वतःच्या हातांनी.

हे वाक्य वाटतं तेवढं सोपं नाही. जुन्या काळी इंग्लंडमध्ये एक घड्याळ अनेक हातांतून जायचं. कोणी फक्त चाकं कापायचा, कोणी फक्त काटे, कोणी केस, कोणी तबकडी. घड्याळ बनवण्यात एकूण चौतीस वेगवेगळे धंदे होते असा हिशोब सांगतात. डॅनियल्सनी त्यातले बत्तीस आत्मसात केले. पितळेची पट्टी आणि स्टीलची सळई समोर घ्यायची आणि शेवटी चालतं घड्याळ हातात द्यायचं. चांदीच्या तबकडीवरची बारीक नक्षीसुद्धा हाताने फिरवायच्या मशीनवर स्वतःच कोरायची. त्यांचं पहिलं घड्याळ १९६९ साली पुरं झालं.

आता साल नीट बघा. १९६९च्याच नाताळच्या दिवशी, २५ डिसेंबरला, जपानच्या सायकोने 'अ‍ॅस्ट्रॉन' हे जगातलं पहिलं क्वार्ट्झ मनगटी घड्याळ बाजारात आणलं. बॅटरीवर क्वार्ट्झचा स्फटिक कंप पावतो. पुढे रूढ झालेली वारंवारता सेकंदाला ३२,७६८, म्हणजे दोनाचा पंधरावा घात. पंधरा वेळा दोनने भागलं की सेकंदाला एक पल्स! इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांना सांगायला नकोच. साधं क्वार्ट्झ घड्याळ महिन्याला जेवढं चुकतं तेवढं चांगलं चावीचं घड्याळ दोन-तीन दिवसांत चुकतं. बघता बघता स्विस घड्याळ उद्योग कोसळला. १९७०च्या आसपास तिथे सुमारे नव्वद हजार कामगार होते, १९८०च्या दशकाच्या मध्यापर्यंत साधारण एक तृतीयांश उरले.

म्हणजे सगळं जग चावीच्या घड्याळाचं तेरावं घालायच्या तयारीत होतं, तेव्हा हा माणूस त्यातली दोनशे वर्षांची जुनी खोट काढायला बसला होता. वेडेपणा म्हणा हवं तर.

को-अ‍ॅक्शिअल म्हणजे काय?

सत्तरच्या दशकाच्या मध्याला डॅनियल्सना मार्ग सापडला आणि १९८० साली त्याचं पेटंट मिळालं. कल्पना अशी आहे. डिटेंटचं सरळ ढकलणं घ्यायचं, लिव्हरची सुरक्षितता घ्यायची आणि दोघांचा संसार एकाच आसावर मांडायचा.

एका आसावर दोन एस्केप चाकं, एक मोठं आणि एक लहान. म्हणून नाव 'को-अ‍ॅक्शिअल'. बॅलन्स एका दिशेला झुलतो तेव्हा मोठ्या चाकाचा दात बॅलन्सवरच्या खड्याला थेट ढकलतो. परत येताना लहान चाकाचा दात लिव्हरवरच्या खड्याला ढकलतो आणि लिव्हर तो धक्का बॅलन्सला पोचवतो. अडवण्याचं काम लिव्हरवरचे दुसरे दोन खडे करतात. म्हणजे अडवणारे वेगळे, ढकलणारे वेगळे! लिव्हरमध्ये हीच दोन कामं एकाच खड्यावर लादली होती, म्हणून तर तो घसरता उतार द्यावा लागला होता. इथे दोन गिअरचे दात एकमेकांना ढकलतात तसा क्षणभर स्पर्श होतो आणि सुटतो. घसरणं जवळजवळ नाही, त्यामुळे धक्का देण्याच्या जागी तेलावरचं अवलंबित्व संपतं.

ड्रॉइंग पाहिलं तर वाटतं, हे इतकं सरळ आहे, कोणालाच कसं सुचलं नाही? मला वाटतं, याचं उत्तर त्या बत्तीस धंद्यांत आहे. फक्त चाकं कापणाऱ्याला खड्याचं दुखणं कळत नाही आणि खडे बसवणाऱ्याला चाक बदलायचा अधिकार नसतो. डॅनियल्स दोन्ही करत होते, आणि वर दुरुस्तीच्या टेबलावर सुकलेलं तेलही पुसून आले होते.

पण शोध लागला म्हणजे जग हार घेऊन दारात उभं राहतं असं नाही. डॅनियल्स आपली एस्केपमेंट बसवलेली घड्याळं घेऊन स्विस कंपन्यांचे उंबरठे झिजवत राहिले. बनवायला अवघड, टॉलरन्स फार बारीक, चालू उत्पादन कोण बदलणार, अशा अडचणी होत्या. पेटंटनंतर जवळपास दोन दशकांनी, १९९९ साली, ओमेगाने पहिलं को-अ‍ॅक्शिअल घड्याळ बाजारात आणलं. कारखान्यात मोठ्या संख्येने तयार होणारी ती पहिली व्यवहार्य नवी एस्केपमेंट मानली जाते, लिव्हरनंतर जवळजवळ अडीचशे वर्षांनी आलेली. डॅनियल्स तेव्हा ७३ वर्षांचे होते.

रिजेक्ट झालेला जॉब

आता गोष्टीतला दुसरा माणूस. रॉजर स्मिथ, जन्म १९७०, गाव इंग्लंडमधलं बोल्टन. सोळाव्या वर्षी मँचेस्टरला घड्याळाच्या कोर्सला लागला. तिथे डॅनियल्स एकदा आले आणि पोरगा त्यांना पाहून भारावून गेला. डॅनियल्सनी १९८१ साली 'वॉचमेकिंग' नावाचं पुस्तक लिहिलं होतं. त्यात सगळं उघड करून सांगितलेलं, काही लपवलेलं नाही. ते पुस्तक समोर ठेवून रॉजरने दीड वर्ष खपून एक खिशातलं घड्याळ बनवलं आणि १९९२ साली ते घेऊन थेट आयल ऑफ मॅनला गेला. (बाईकवेड्यांना हे बेट टीटी रेसमुळे माहीत असेलच!) डॅनियल्स तिथेच राहत होते.

डॅनियल्सनी घड्याळ पाहिलं आणि सांगितलं की हे हाताने बनवल्यासारखं दिसतंय. रॉजर बावीस वर्षांचा. आपल्याला वाटेल की ही शाबासकी. पण ती शाबासकी नव्हती. हाताची खूण दिसतेय म्हणजे काम कच्चं, असा त्याचा अर्थ. घड्याळ पाहून बनवणाऱ्याचे कष्ट दिसता कामा नयेत, ते जणू असंच जन्माला आलंय असं वाटलं पाहिजे. जा, पुन्हा कर.

वर्कशॉपमध्ये ज्यांचा फिटिंगचा जॉब सरांनी राइट अँगल लावून, उजेडासमोर धरून परत केलाय, त्यांना हे दुःख कळेल. आपण काय करतो? आणखी दोनदा फाइल मारतो, सरांची नजर चुकवतो, नाहीतर सीनियरचा जुना जॉब घासून सबमिट करतो. रॉजरने पाच वर्षं घेतली. पाच! दुसरं घड्याळ आणखी अवघड निवडलं. टूर्बियाँ, म्हणजे एस्केपमेंटसकट बॅलन्स स्वतःभोवती फिरवणारा पिंजरा, आणि शिवाय पर्पेच्युअल कॅलेंडर, म्हणजे लीप वर्षसुद्धा आपोआप सांभाळणारी तारीख. एखादा भाग मनासारखा झाला नाही की टाकायचा आणि पुन्हा पहिल्यापासून. काही भाग तीन-तीन, चार-चार वेळा बनवले.

१९९७ साली तो परत गेला. डॅनियल्सनी एकेक भाग दाखवत विचारलं, हे कोणी केलं? आणि हे? दरवेळी उत्तर एकच, मी. एवढी व्हायवा झाल्यावर त्यांनी त्याचं अभिनंदन केलं आणि सांगितलं की आता तू घड्याळजी झालास. पुढच्याच वर्षी रॉजर आयल ऑफ मॅनला त्यांच्यासोबत कामाला लागला. नंतर २००१ साली त्याने त्याच बेटावर स्वतःचा स्टुडिओ काढला. मोजक्या सहकाऱ्यांना घेऊन वर्षाला अवघी डझनभर किंवा त्याहून थोडी जास्त घड्याळं तिथे बनतात. आणि गुरूची एस्केपमेंटही त्याने तशीच ठेवली नाही. २०१० साली त्या दोन चाकांचं एकच चाक करून ती हलकी केली.

डॅनियल्स २०११ साली गेले. त्यांचा संग्रह २०१२ साली लिलावात विकला गेला आणि ते पैसे त्यांनी शिक्षणासाठी नेमलेल्या ट्रस्टला मिळाले. स्वतःला शाळा नीट लाभली नव्हती, बहुतेक म्हणूनच.

एवढे पैसे कोण देतं?

आता व्यवहाराची गोष्ट. रॉजरचं ते पाच वर्षांचं घड्याळ जून २०२३मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात सुमारे ४९ लाख डॉलरला गेलं. आपले झाले जवळपास चाळीस कोटी! डॅनियल्सनी १९८२ साली केलेलं 'स्पेस ट्रॅव्हलर' हे घड्याळ सौरवेळ आणि नाक्षत्रवेळ दोन्ही दाखवतं. ते २०१९ साली लंडनमध्ये ३६ लाख पौंडांना विकलं गेलं.

हे दोघंच आहेत असं नाही. १९८५ साली स्वेन्ड अँडरसन आणि व्हिन्सेन्ट कॅलाब्रेसे यांनी स्वतंत्र घड्याळजींची एक अकादमीच काढली. स्वित्झर्लंडच्या जू खोऱ्यातल्या फिलिप ड्युफूर यांचं 'सिम्प्लिसिटी' हे घड्याळ २००० साली आलं. नुसतं तीन काट्यांचं, पण आतल्या प्रत्येक पट्टीची कड हाताने घासून आरशासारखी केलेली. फ्रान्स्वा-पॉल जूर्न यांनी त्याच सुमारास एकाच घड्याळात दोन बॅलन्स व्हील बसवले. ते रेझोनन्सने एकमेकांना सांभाळत झुलतात. ह्युजेन्सने १६६५ साली दोन लंबकाच्या घड्याळांत जे पाहिलं होतं, ते यांनी मनगटावर आणलं.

खरं सांगायचं तर लिलावातला आकडा म्हणजे घड्याळाची किंमत नव्हे. तो विकत घेणाऱ्याच्या खिशाचा आकडा. दुर्मिळता, नाव, चढाओढ हे सगळं त्यात आलं. दोनशे रुपयांचं क्वार्ट्झ घड्याळ या सगळ्यांपेक्षा जास्त अचूक चालतं, हेही तितकंच खरं. मग या लोकांनी नेमकं मिळवलं काय?

मला जे कळलं ते एवढंच. डॅनियल्सचं उत्तर बाजाराने विचारलेल्या प्रश्नाचं नव्हतं. बाजाराने प्रश्नच रद्द केला होता. पण प्रश्न खरा होता, अर्धवट सुटलेला होता आणि त्यांना तो दिसत होता, म्हणून त्यांनी तो सोडवला. आपण चार वर्षं इंजिनीअरिंग शिकतो ते बहुतेक 'सिलॅबसमध्ये आहे का?' एवढं विचारत. परत आलेल्या जॉबकडे पाहून 'आता कोण पुन्हा करणार?' म्हणतो. तिथे बावीस वर्षांचा एक मुलगा 'पुन्हा कर' हे दोन शब्द ऐकून घरी गेला आणि पाच वर्षांनी परत आला.

आजोबांचं घड्याळ काकांनी खोलून, धुऊन, नवं तेल घालून दिलं. ते बनवणारा बंगळूरचा कारखाना १९६१ साली जपानच्या सिटिझनच्या सहकार्याने सुरू झाला होता. एचएमटी घड्याळांचा कारभार गुंडाळायचा निर्णय २०१६ साली झाला. पण घड्याळ चालू आहे. दिवसाला अर्धा मिनिट पुढे जातं, चालायचंच. काकांनी बजावलंय, "चार वर्षांनी पुन्हा घेऊन ये, तेल सुकतं."

आणि हो, माझा फिटिंगचा जॉब फर्स्ट इयरला परत आला होता. तो मी तेव्हा सीनियरचा घासून सबमिट केला होता. परवा वर्कशॉपमध्ये जाऊन सरांकडे एक माइल्ड स्टीलचा तुकडा मागितला. सर म्हणाले, "आता कशाला रे?"

म्हटलं, "सर, पुन्हा करायचाय."